तारण हातचे जाते काय?



'तारण' हा शब्द आपल्या नगर जिल्ह्यात दोन ठिकाणी नित्य कानी पडतो. एक सोसायटीच्या कचेरीत आणि दुसरा चर्चमध्ये. सोसायटीत तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. हप्ते थकले की ती जाते. ख्रिस्ती मंडळीत तारण म्हणजे पापापासून सुटका, देवाची कृपा. आजचा प्रश्न असा की, हे दुसरे तारणही पहिल्यासारखे जप्त होते काय? ज्याने एकदा ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तो पुढे घसरला तर त्याचे काय?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सन 250 च्या सुमारास रोमन बादशहा डेसियस याच्या जुलमाला भिऊन पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी रोमन देवांना बळी वाहिले. छळ थांबल्यावर ते परत दाराशी आले. नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्तापाची कसोटी लावून घ्यावे. चर्चने सिप्रियनचे ऐकले.

बायबलात दोन्ही बाजूंना आधार आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्त सांगतो की, माझी मेंढरे माझ्या हातातून कोणी हिसकावू शकणार नाही. उलट इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, कृपेची चव घेऊन मागे फिरलेल्यांना कडक इशारा आहे. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी पहिल्या वचनावर भर दिला. 1618-19 साली हॉलंडमध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने ठरविले की, खरा विश्वासी शेवटपर्यंत टिकतोच, कारण टिकविणारा देव आहे. जॉन वेस्लीचे मेथॉडिस्ट म्हणाले, मनुष्य कृपा झिडकारू शकतो. कॅथलिक मतही असे की, प्राणघातक पापाने कृपा जाते आणि पश्चात्तापपूर्वक पापकबुलीने ती परत मिळते.

आपल्याला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. रामानुजांच्या अनुयायांत अगदी असाच वाद झाला. वडकलै पंथ म्हणे, भक्त माकडिणीच्या पिलासारखा. आईला घट्ट धरून राहणे त्याच्याकडे आहे. तेंकलै पंथ म्हणे, भक्त मांजरीच्या पिलासारखा. आईच त्याला तोंडात धरून नेते. आणि ज्या नेवाशास शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तेथेच योगभ्रष्टाविषयीचा अर्जुनाचा प्रश्न मराठीत आला: अर्ध्या वाटेवर ढळलेला साधक फाटलेल्या ढगासारखा दोहोंकडून जातो काय? श्रीकृष्ण सांगतात, त्याचा नाश नाही. तो पुढच्या जन्मी तेथूनच आरंभ करतो. ख्रिस्ती माणसाला मात्र पुढच्या जन्माची सोय नाही. म्हणून हाच प्रश्न त्याच्या जिवाला अधिक लागतो.

आता आपल्या नगरकडे पाहू. येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. ते मिशन कॉंग्रिगेशनल, म्हणजे मूळ कॅल्व्हिनच्या वळणाचे. याच मिशनमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा स्वजनांच्या दृष्टीने ते पतित झाले, बुडाले. लक्ष्मीबाईंनी तो वियोग सोसला. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. 1919 साली ते वारले, ते ख्रिस्ताचे म्हणूनच. त्यांनी एकदा जात सोडली, एकदा नोकरी. पण ज्याला धरले होते त्याला सोडले नाही.

यावरून मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. मंडळीच्या वहीतले नाव निराळे आणि देवाशी जडलेले नाते निराळे. शिस्तीसाठी वहीतले नाव खोडावे लागेल. तो मंडळीचा अधिकार आहे. परंतु नाव खोडणाऱ्याने तारणही खोडले असे समजू नये. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा घर सोडून दूर गेला, डुकरे राखू लागला; तरी बापाने त्याला ओळखले ते मुलगा म्हणूनच. मात्र मेजवानी त्याला मिळाली, ती घराकडे पाऊल वळविल्यावर. या एका गोष्टीत कॅल्व्हिनचे म्हणणे आहे आणि वेस्लीचेही.

तेव्हा उत्तर देताना आपण कोणाशी बोलत आहोत हे पाहावे. जो निर्धास्त झाला आहे, 'एकदा तारलो, आता काही केले तरी चालेल' असे म्हणतो, त्याला इब्री पत्रातला इशारा ऐकवावा. जो दारूने किंवा दुसऱ्या कशाने खचला आहे आणि आपल्याला परत घेणारा कोणी नाही असे समजून वेशीबाहेर बसला आहे, त्याला योहानाचे वचन सांगावे. आपण बहुधा उलट करतो. धीर स्वतःसाठी ठेवतो आणि इशारा शेजाऱ्याला देतो.

1970 साली नागपूरला उत्तर भारतीय चर्च, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाले. त्यात कॅल्व्हिनच्या परंपरेतले आणि वेस्लीच्या परंपरेतलेही एका बाकावर बसले. डॉर्टला ज्या प्रश्नावरून माणसे बाहेर काढली गेली, तो प्रश्न न सुटताही येथे माणसे एकत्र आली. मला वाटते, या वादातून नगरकराने घेण्यासारखे हेच आहे: कोण बुडाला याचा निकाल आपल्याकडे नाही, दार उघडे ठेवणे मात्र आपल्याकडे आहे.