अल्प भांडवलात नाममुद्रा



‘ब्रँड’ हा शब्द आज सर्वतोमुखी झाला असला, तरी त्यामागील कल्पना आपल्या बाजारपेठेला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून मुंबईत उतरणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांची व प्राण्यांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईकही त्या चित्रावरून हवे ते कापड ओळखून मागत असे. त्यालाच बाजार ‘छाप’ म्हणू लागला. गिऱ्हाइकाच्या मनात उमटलेली ओळख आणि त्या ओळखीमागे उभी असलेली पत, हाच नाममुद्रेचा खरा अर्थ होय.

नव्याने उद्योगात पदार्पण करणाऱ्या तरुणाचे भांडवल बहुधा घरातूनच आलेले असते. त्यात वडिलांच्या निवृत्तीची रक्कम असते, प्रसंगी घरातील दागिनेही असतात. त्यातील मोठा वाटा झगमगत्या पाटीवर, उद्घाटन समारंभावर आणि वृत्तपत्रातील एका दिवसाच्या जाहिरातीवर खर्च झाला, तर मालासाठी उधारी करावी लागते. जाहिरात वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला हवा तो माल मिळत नाही आणि ते पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून नाममुद्रेवर किती खर्च करावा, याहून तो कोणत्या क्रमाने करावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात ‘लिज्जत’ पापडाचा इतिहास मनन करण्याजोगा आहे. दिनांक 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल होते उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरातील एका परिचित व्यापाऱ्याकडे विक्री सुरू झाली. आरंभी दोन प्रतींचे पापड करून हलकी प्रत स्वस्तात विकण्याचा विचार होता. परंतु त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख, म्हणजेच छगनबाप्पा, यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख राखण्याचा सल्ला दिला. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपयांची झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशी युक्ती करून ती अडचणही दूर झाली.

ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, तोपर्यंत ‘लिज्जत’ हे नावच अस्तित्वात नव्हते. ते 1962 मध्ये आपसांतील स्पर्धेतून निवडले गेले आणि बक्षीस होते अवघे 5 रुपये. 1962-63 साली विक्री सुमारे 1 लाख 82 हजार रुपयांवर गेली. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. पाच रुपयांचे नाव मोलाचे ठरले, कारण नावाआधी तीन वर्षे पापडाची चव घरोघरी पोहोचली होती.

दुसरे उदाहरण ‘निरमा’चे. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरीच धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकण्यास सुरुवात केली. कन्या निरुपमा हिच्या नावावरून ‘निरमा’ हे नाव घेतले. परवडणारी किंमत हीच त्या मालाची पहिली ओळख ठरली. दूरचित्रवाणीवर घराघरांत गाजलेली जाहिरात त्यानंतरची.

मग आज नावाचा विचार उशिरा करावा काय? नाही. आज अनुकरण फार त्वरेने होते आणि नाव हीच मालमत्ता असते. 1999 चा व्यापारचिन्ह कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आहे. 2017 च्या नियमांनुसार व्यक्ती, नवउद्योग अथवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये शुल्क पडते. माल व सेवा यांचे 45 वर्ग असून कापड 24 व्या, तर तयार कपडे 25 व्या वर्गात येतात. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. अर्जापूर्वी तेच किंवा तत्सम नाव दुसऱ्याचे आहे काय, याचा शोध सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क घेता येतो. हा अर्धा तास ज्याने वाचवला, त्याला पाच वर्षांनी दुसऱ्याच्या वकिलाची नोटीस येऊ शकते. मग पाटी, पिशव्या आणि मिळवलेली ओळख, सारेच टाकून देण्याची वेळ येते.

नाव निवडतानाही विवेक हवा. ‘उत्तम’, ‘शुद्ध’ अशा केवळ गुणवर्णन करणाऱ्या शब्दांवर सहसा कोणालाच एकाधिकार मिळत नाही. उदबत्तीसाठी घेतलेल्या ‘रामायण’ या नावाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली निर्णय दिला की, पवित्र ग्रंथाचे नाव कोणा एकाचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही. म्हणून नाव लहान, उच्चारास सुलभ आणि आपल्या मालापुरते वेगळे असावे. नोंदणी होण्यापूर्वी गोलातील ‘आर’ हे चिन्ह वापरू नये, त्यासाठी दंड होऊ शकतो. पहिल्या दिवसापासूनची बिले जपून ठेवावीत. नाव आधी कोणी वापरले, असा वाद उद्भवल्यास तीच साक्ष देतात.

याहून नाजूक बाब म्हणजे नावाची मालकी. भावाभावांची किंवा भागीदारांची वाटणी होते, तेव्हा दुकान, माल आणि उधारी यांचे भाग पाडता येतात. नावाचे दोन तुकडे मात्र करता येत नाहीत. एकाच रस्त्यावर ‘जुने’ आणि ‘मूळ’ अशा दोन पाट्या लागल्या की गिऱ्हाईक संभ्रमात पडते आणि घराण्याची पत दोन्हीकडून झिजते. नाव कोणाचे आणि विभक्त झाल्यावर ते कोणाकडे राहील, हे भागीदारीच्या करारपत्रातच, संबंध गोडीचे असताना, लिहून ठेवावे. त्यास काही मोठा खर्च येत नाही.

तात्पर्य, खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम मालाची एकच निश्चित प्रत, नंतर नावाचा शोध व नोंदणी, त्यानंतर पाटी, बिल, पिशवी आणि लेबल यांवर एकच अक्षरवळण व एकच रंग, आणि सरतेशेवटी उरलेल्या रकमेतून जाहिरात. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करण्यास शुल्क पडत नाही, तेही अवश्य करावे. परंतु माप पुरेपूर भरणे, रंग जाणारा असेल तर विकण्यापूर्वी सांगणे आणि सदोष माल वाद न घालता परत घेणे, याहून प्रभावी जाहिरात अद्याप निघालेली नाही. समाधानी गिऱ्हाईक शेजाऱ्याला सोबत घेऊन येते. पाटी रंगाऱ्याकडून एका दिवसात तयार होते. तिच्यावरील नावाला अर्थ देण्यास मात्र वर्षे लागतात आणि ते काम मालकालाच करावे लागते.