आमच्यामागं याचं काय?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



२५ वर्षांत आपण पाण्याची टाकी, पार्किंग, रंगकाम यावर पुष्कळ बोललो, थोडंफार भांडलोही. आज विषय जरा वेगळा आहे.

स्वमग्न किंवा गतिमंद मुलांची शाळेत असेपर्यंत काही ना काही सोय होते. शाळा सुटली की अनेक जण घरातच बसून राहतात. जयवंत दळवींचे 'नातीगोती' ज्यांनी पाहिले, त्यांना अशा घराची घुसमट ठाऊक आहे.

सातारा आणि सांगली, दोन्हीकडे मी बँकेत नोकरी केली. असे पालक काउंटरवर हमखास विचारायचे, "साहेब, आमच्यामागं याच्या पैशाचं काय?" १८ वर्षे पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्वाचा दाखला देते. स्वमग्नता, मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता यांसाठी ही सोय आहे. त्या दाखल्यावर बँकेत खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमाही मिळतो.

मात्र ज्याला आपला व्यवहार कळतो, त्याच्यावर पालक लादू नये. त्याला हवा सराव. पोवई नाक्यावरून राजवाड्याला बसने एकट्याने जाणे, मंडईत नोट देऊन सुट्टे मोजून घेणे, ओटीपी कुणालाही न सांगणे. हे एकदा सांगून होत नाही, शंभरदा करावे लागते. एकट्या आईने किती करावे? मुंबईत जुहूच्या 'कॅफे अर्पण'मध्ये असेच तरुण स्वयंपाक करतात, गिऱ्हाइकांना वाढतात. संधी मिळाली म्हणून जमले.

आपल्याही सोसायटीत असा एक तरुण आहे. नाव मुद्दाम घेत नाही. लिफ्टमध्ये गर्दी असली की तो जिन्याने जातो, ढोल वाजला की कान झाकतो. त्याला हसू नका, घाई करू नका. गणपतीत एक तास स्पीकर बंद ठेवून प्रसादवाटप त्याच्याकडे देऊ या. पण आधी त्याला विचारून, बरं का!

त्याचे आईवडील थकलेत. मीही सत्तरी ओलांडली आहे. तरी दर शनिवारी सकाळी एक तास त्याच्याबरोबर मंडईत जायला मी तयार आहे. मला चार तरुण जोडीदार हवेत. जेवायला बसण्याआधी सेक्रेटरींकडे नावे द्यावीत, ही विनंती.