लाखभरात जुनी गाडी घेताना

हाताशी जेमतेम लाख-दीड लाख रुपये आहेत आणि घरासाठी चारचाकी हवी आहे. अशा वेळी रंगाच्या चकाकीला भुलू नका. ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, असं साधं, खपाचं मॉडेल निवडा.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण उघडा. आतून ताकासारखा पांढुरका फेस दिसला, तर ऑइलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. पायाखालचं मॅटिंग उचलून बघा. गाळ, गंज, कुबट वास आढळला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

मग कागदपत्रं. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलनं, विमा, पीयूसी तपासा. गाडीला १५ वर्षं होत आली असतील, तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च हिशेबात धरा.

ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत. पहिल्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम राखून ठेवा. आणि व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्या.