उगमाकाठचे तहानलेले शहर



दुष्काळ म्हटला की डोळ्यांपुढे येते ते भेगाळलेले शेत आणि रिकामा गोठा. शहरातील घरापर्यंत दुष्काळ पोहोचतो तो नळाच्या वाटेने, आणि तोही उशिरा. शेतकऱ्याला तो भाद्रपदातच कळतो. शहराला कळायला फाल्गुन-चैत्र उजाडावा लागतो. मधल्या सहा महिन्यांत शहर कसे वागते, यावर त्याचा उन्हाळा ठरतो. बुलढाणा शहराच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

याचे कारण येथल्या भूगोलात आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. येथील माणूस सहज बोलतानाही 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असा भेद करतो. घाटाखाली उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या पूर्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी तापीतून सिंधुसागराला जाते. घाटावरच्या पैनगंगा आणि खडकपूर्णा यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे गंगासागराकडे वाहते. या दोन खोऱ्यांच्या जलविभाजकाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर बुलढाणा वसले आहे. विदर्भातील थंड हवेचे ठिकाण अशी त्याची ख्याती. हवा उत्तम आहे, यात वादच नाही. पण जिल्ह्याचे ठाणे हवेवर चालत नाही, त्याला पाणी लागते.

ते पाणी येते पैनगंगेवरील येळगावच्या धरणातून. पैनगंगा लहान नदी नव्हे. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरून शेकडो किलोमीटर वाहत जाऊन ती वर्धा नदीला मिळते. परंतु तिचा उगम बुलढाणा तालुक्यातच, मढजवळ बुधनेश्वर येथे आहे. म्हणजे येळगावला ती पोहोचते तेव्हा तिने नुकतेच चालायला सुरुवात केलेली असते. नदीच्या मध्यावर वसलेल्या शहराला टंचाईत वरच्या धरणातून पाणी सोडण्याची मागणी तरी करता येते. बुलढाण्याने ती कोणाकडे करायची? वर आहे ते केवळ आभाळ.

अशा छोट्या पाणलोटात कमी पावसाचा हिशेब सरळ त्रैराशिकाने सुटत नाही. पाऊस एक-तृतीयांश कमी झाला म्हणजे धरणातले पाणीही तेवढेच कमी होईल, हा समज चुकीचा आहे. काळी जमीन आधी आपली तहान भागवते, मग विहिरी-नाले भरतात, आणि उरेल ते नदीत उतरते. रिमझिम पडून गेलेल्या वर्षी पिके कशीबशी तगतात, पण धरणात येवा होत नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवन पाण्याचा मोठा वाटा उचलते. गाळाने उथळ झालेल्या जलाशयात ते अधिकच जाणवते, कारण पाणी पसरट होते आणि तापते. साठा तळाला गेला की गढूळपणा वाढतो, शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. पुरवठ्याचे दिवस लांबले की रिकाम्या जलवाहिन्यांत गळतीच्या जागांतून बाहेरची घाण ओढली जाते. टंचाईच्या मागोमाग कावीळ आणि गॅस्ट्रो येतात ते असे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. बुलढाण्यावर ती वेळ आली तर? शहराला रेल्वेच नाही. पाण्याची गाडी मलकापूरला रिकामी होईल आणि तेथून टँकरना राजूर घाट चढावा लागेल.

दुष्काळी वर्षी पिण्याचे पाणी राखून ठेवले जाते आणि जलाशयातून शेतीसाठी होणारा उपसा बंद होतो. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवा, हे निर्विवाद. पण ज्याचे खरीप गेले, त्याच शेतकऱ्याला रब्बीचा हरभराही सोडावा लागतो. तो हा त्याग शहरासाठी करतो. आणि त्याच वेळी शहरात टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहत असते, अंगणात मोटार धुतली जात असते. याला दुष्काळ म्हणायचे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जिजाऊंच्या माहेरी, सिंदखेडराजाला, लखुजी जाधवरावांच्या काळचा मोती तलाव आजही उभा आहे. दगडी बांध घालून पावसाचे पाणी अडवणाऱ्या त्या पिढीला मोठ्या नदीचा भरवसा नव्हता. म्हणूनच तिने चांगल्या पावसाच्या वर्षी वाईट वर्षाची तजवीज केली.

अलीकडे जिल्ह्यात या दिशेने काम झाले. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' हे अभियान झाले आणि तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्यात आला. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोदून घेण्याची पद्धत तर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर गाजली. एरवी डोंगर पोखरून रस्ते होतात. येथे रस्ता झाला आणि पाण्याला जागाही झाली. मात्र यंत्र लावून गाळ काढणे हा निम्माच उपाय आहे. उगमाकडील उतार उघडे राहिले, बांधबंदिस्ती झाली नाही, तर काही पावसाळ्यांत माती पुन्हा धरणात येऊन बसते. हे काम यंत्राचे नाही, माणसांचे आहे. १९७२ च्या दुष्काळातून राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचे काम उभे राहिले. ज्यांनी तेव्हा दुष्काळ जवळून पाहिला, त्यांच्या घरातील तरुणांनी बुधनेश्वर ते येळगाव हा पट्टा एकदा पायी हिंडून पाहावा. कोठे उतार बोडका आहे, कोठे घळ पडली आहे, याची नोंद त्या एका दिवसात होऊ शकेल.

दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणांतील साठा पाहून पिण्यासाठी पाण्याचे आरक्षण ठरते. येळगावचा त्या दिवसाचा आकडा शहरातील प्रत्येक शाळेच्या फलकावर आणि देवळाच्या ओट्यावर लिहिला जावा, आणि त्याखाली हे पाणी किती महिने पुरेल तेही. फाल्गुन यायला तेव्हा चांगले चार-पाच महिने बाकी असतात.