काळजाचे काठिण्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला विज्ञान शिकवले आणि मी जन्मभर मराठी शिकवीत राहिलो. त्या अर्थाने मी त्यांचा वाया गेलेला विद्यार्थी. त्या ऋणाची अंशतः तरी फेड व्हावी म्हणून आज विषय निवडला आहे तो वैद्यकातला: लहान मुलांच्या यकृताचा ताठरपणा ध्वनिलहरींनी कसा मोजतात, हा. मी वैद्य नव्हे. परंतु हा विषय माझ्या घरातून गेलेला आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

आरंभ माझ्या अधिकारक्षेत्रातून, म्हणजे शब्दापासून करतो. आपण मराठीत ज्याला 'काळीज' म्हणतो आणि छातीवर हात ठेवून दाखवतो, त्या शब्दाचे मूळ संस्कृतातील 'कालेय' हे आहे आणि त्याचा अर्थ हृदय नव्हे, यकृत! खाटकाच्या दुकानातील 'कलेजी'ने तो जुना अर्थ प्रामाणिकपणे जपला. आपण मात्र काळीज उचलून डाव्या बाजूला नेऊन ठेवले. तेव्हा एखाद्याचे 'काळीज दगडाचे आहे' असे आपण म्हणतो, ते शब्दशः खरे ठरण्याचा एक आजार असतो. यकृताला वारंवार इजा झाली की ते व्रण भरताना तंतुमय होत जाते, आणि अखेर कठीण होते. फ्रेंच वैद्य लायनेक याने १८१९ साली त्याला 'सिऱ्होसिस' हे नाव दिले, ते काठिण्यावरून नव्हे, तर पिंगट रंगावरून. काठिण्य मात्र वैद्याच्या बोटांना त्याआधीपासून ठाऊक होते.

१९५७ साली माझा धाकटा भाऊ गेला. तो दीड वर्षाचा होता. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्या, डोळ्यांत हळदीची झाक. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. डॉक्टर घरी आले, त्यांनी बरगडीखाली बोटे फिरवली आणि वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "लिव्हर हाताला लागतंय, अगदी कडक झालंय." पुढचे वाक्य मला ऐकू आले नाही, वडिलांचा चेहरा मात्र दिसला. बोटांनी निदान अचूक केले होते, पण फार उशिरा. बोटांची मर्यादा हीच की, काठिण्य पुरते झाल्यावाचून ते त्यांना कळत नाही.

त्या काळी भारतात दीड-दोन वर्षांच्या मुलांना होणारा यकृताचा एक आजार सर्वत्र आढळे. वैद्यकाच्या ग्रंथांतही तो आपल्या देशाच्या नावाने, 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' म्हणून नोंदला गेला. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असते, हे १९७९ साली लक्षात आले. मग पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी बाळाच्या पोटाबरोबर बाळाच्या घरचे स्वयंपाकघरही तपासले. १९८३ व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांनी बोट ठेवले ते पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या आणि साठवलेल्या वरच्या दुधावर. कल्हई उडालेल्या भांड्यातील तांबे दुधात उतरे आणि तान्ह्या यकृतात साठत जाई. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळातील १३८ मुलांची नोंद तेथे मिळाली. तांब्याची भांडी गेली आणि आजारही गेला. आपल्याकडेही स्टीलची पातेली आली आणि हा आजार दुर्मिळ झाला.

माझ्या भावाला नेमके हेच झाले होते का, हे आज कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. परंतु आईला दूध पुरेसे नव्हते आणि गाईचे दूध आमच्या घरी पितळी पातेल्यात तापत असे, एवढे मला आठवते. "माझंच दूध कमी पडलं," असे आई अखेरपर्यंत म्हणत असे. पुण्याचे संशोधन माझ्या वाचनात आले तेव्हा ती हयात होती. ते तिला सांगितले असते तर एक अपराध उतरला असता आणि दुसरा चढला असता. मी सांगितले नाही. ते बरोबर केले की चूक, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

बोटांनंतर आली सुई. यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १९५८ साली मेंगिनी या इटालियन वैद्याने ती एका सेकंदात उरकेल अशी सुई प्रचारात आणली. पण तो तुकडा म्हणजे साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. शिवाय मुलाला गुंगी अथवा भूल द्यावी लागते, रक्तस्रावाची भीती असते, आणि आजार कमी होतो की वाढतो हे पाहण्यासाठी ती सुई पुनःपुन्हा टोचायची कशी?

येथे मला गुरुजी आठवतात. वर्गाच्या खिडकीच्या गजाला त्यांनी दोरी बांधली होती. दोरी सैल धरून झटका दिला की लहर रमतगमत जाई. ताणून धरली की तीच लहर सणकन गजावर आदळे. "पदार्थ जितका ताठ, तितकी लहर चपळ," गुरुजी म्हणाले. नवे यंत्र याच तत्त्वावर चालते. १९९१ साली ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शास्त्राला 'इलॅस्टोग्राफी' हे नाव दिले आणि २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी यकृतासाठी ती पद्धत सिद्ध केल्याचे प्रसिद्ध झाले.

मुलाला उताणे निजवतात, उजवा हात डोक्यामागे घेतात आणि दोन बरगड्यांच्या मधल्या जागी यंत्राची कांडी टेकवतात. ती एक हलकी टिचकी मारते. त्या टिचकीची लहर यकृतातून सेकंदाला एखाद-दोन मीटर अशा बैलगाडीच्या चालीने जाते. सोनोग्राफीचा आपल्या कानांना न ऐकू येणारा ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. म्हणून तो त्या मंद लहरीवर पाळत ठेवू शकतो. लहरीचा वेग १ मीटर असेल तर ताठरपणा सुमारे ३ किलोपास्कल, २ मीटर असेल तर सुमारे १२: वेग दुप्पट, काठिण्य चौपट. निरोगी मुलाचा आकडा साधारणपणे ४-५ च्या आसपास असतो. अशी दहा मापे घेऊन त्यांतले मधले धरतात. टोचणे नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही.

जन्मतः पित्तनलिका बुजलेली मुले, थॅलसेमियामुळे वरचेवर रक्त घ्यावे लागणारी मुले, तांबे साठवणाऱ्या विल्सन आजाराची मुले, आणि अलीकडे लठ्ठपणामुळे यकृतात चरबी साठलेली मुले, या सर्वांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यास हे साधन उपयोगी पडते.

मात्र आकड्याला देव मानू नये. मूल रडते, वळवळते; त्याच्या बरगड्यांतील जागा अरुंद, म्हणून कांडीही लहान लागते. नुकतेच जेवण झाले असेल, यकृताला सूज असेल, पित्त तुंबले असेल किंवा हृदयाच्या दोषाने रक्त साचले असेल, तरीही आकडा चढतो. एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. ताठरपणा आणि व्रण हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे भाषेच्या शिक्षकाने तरी विसरू नये. म्हणून सुई अजून निवृत्त झालेली नाही, आणि बोटेही नाहीत.

शेवटी एवढेच म्हणतो. हे यंत्र १९५७ साली असते, तर माझ्या भावाचे यकृत कठीण होत चालल्याचे लवकर कळले असते. का होत चालले आहे, हे मात्र त्याने सांगितले नसते. ते कळायला कुणीतरी चुलीपाशी बसून, दोष न देता, "बाई, दूध कशात तापवता?" असे विचारावे लागले असते. पुण्याच्या डॉक्टरांनी ते विचारले, म्हणून पुढची कितीतरी मुले वाचली. मोजणे आणि विचारणे या दोन्ही गोष्टी गुरुजींनी या शाळेत आम्हांला शिकवल्या. काठिण्य मोजणाऱ्याचे स्वतःचे काळीज मऊ असावे, हे त्यांनी शिकवले नाही. ते त्यांच्याकडे पाहून कळत असे.