सातबाऱ्यावर आपले नाव आहे काय?



सरकार शेतकऱ्याच्या खात्यात जे पैसे जमा करते, त्यांविषयी आज बोलावयाचे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना सुरू केली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांनी. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ या नावाने त्यात तितकीच भर घातली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातील कायम कामगारास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु खेड तालुक्यातील कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या त्याच्या आईबापांची बियाण्याखताची निकड तीच भागविते.

हे पैसे मिळतात कोणाला? जो घाम गाळतो त्याला नव्हे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. चाकणच्या बाजारात येणारा कांदा कोणी लावला, कोणी खुरपला, कोणी काढला, याची विचारपूस होत नाही. भूमिहीन मजूर व वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारा हे दोघेही या योजनेच्या दृष्टीने शेतकरीच नव्हेत! हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आपल्या समाजाने ते प्रत्येक निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्यास ऐकविले पाहिजे.

आपल्यापैकी ज्या कुटुंबांजवळ जमीन आहे, त्यांची ती बहुधा महार वतनाची असते. त्या तुकड्यापायी आपल्या वाडवडिलांना रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी करावी लागे. ती गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. चाकरी गेली, आणि कब्जाहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारास जमीन नव्या शर्तीवर परत मिळाली. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते, ते हेच. ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. चाकणला औद्योगिक वसाहत आली आणि जमिनीचे भाव चढले, तसे इसाराची थोडी रक्कम पुढे करून कुलमुखत्यारपत्रावर अंगठा मागणारे दलालही आले. तो कागद वाचून घेतल्याशिवाय, वकिलास दाखविल्याशिवाय, त्यावर सही करू नये.

दुसरी अडचण आपल्याच घरातली आहे. आजोबा वारले, वडील वारले, आणि सातबारा अजून आजोबांच्याच नावावर! मृताच्या नावाने हप्ता यावयाचा कसा? जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असली पाहिजे, अशी योजनेची अट आहे. त्यानंतर विकत घेणाऱ्यास लाभ नाही; मात्र खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीस ही अट आड येत नाही. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावे असा कायदा आहे. उशीर झाला म्हणून नोंद करावयाची सोडू नये. आणि त्या अर्जात आईचे व बहिणींचे नाव घाला. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे व त्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. समतेच्या सभेत टाळ्या वाजवून अर्जात बहिणीला गाळणारे भाऊ आपल्यातही आहेत, हे सांगितले पाहिजे.

कामगार बंधूंसाठी आणखी एक गोष्ट. मागील आकारणी वर्षात ज्याने आयकर भरला, त्याचे कुटुंब अपात्र ठरते. परंतु या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले एवढेच. म्हणून जमीन वडिलांच्या नावावर असेल, तर कमावत्या मुलाच्या आयकराने वडिलांचा हप्ता अडत नाही. कोणी तसे सांगून परत पाठविले, तर नकार लेखी मागावा. उलट जमीन आपल्याच नावावर असून आपण आयकर भरीत असाल, तर हप्ता घेऊ नये. अशा अनेकांना रक्कम परत करण्याच्या नोटिसा आल्या आहेत.

बँकेचे खाते आधारशी जोडलेले व ई-केवायसी झालेली असावी लागते. आईबापांना हे एकट्याने जमत नाही. येत्या सुटीच्या दिवशी गावी जाल तेव्हा सातबारा काढून वाचा, आणि वारसनोंदीचा अर्ज दिलात तर त्याची पोच हाती घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.