वालकेश्वर ते कैसरबाग : पंडित भातखंडे यांची दुसरी सुरुवात
(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



लखनौच्या कैसरबागेत परीखाना नावाची एक जुनी वास्तू आहे. अवधचा अखेरचा नबाब वाजिद अली शाह याच्या काळी तेथे स्त्रियांना नृत्यगायनाची तालीम मिळत असे. नबाब त्यांना ‘परी’ म्हणे, म्हणून तो परीखाना. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले, नबाबाची रवानगी कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला झाली आणि त्या दालनांतले सूर विझले. पुढे सत्तर वर्षांनी त्याच शहरात एक संगीत महाविद्यालय निघाले, ते कालांतराने याच परीखान्यात स्थिरावले, आणि आज तेथल्या विश्वविद्यालयाला नाव आहे ते मुंबईच्या वालकेश्वरात जन्मलेल्या एका मराठी वकिलाचे. ते वकील म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे यांचे नाव संगीताच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातून भेटते. दहा थाट, कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, समेची फुली आणि खालीचे शून्य. ज्याने ही चिन्हे घोटून परीक्षा दिली, त्याला हा माणूस जन्मभर संगीतच करीत आला असावा असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ज्या माजी विद्यार्थ्यांनी चाळिशीचा उंबरठा ओलांडला आहे, त्यांच्यासाठी तरी ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, गोकुळाष्टमीचा. लहानपणी बासरी, पुढे तरुणपणी वल्लभदास यांच्याकडे सतार. १८८४ साली ते मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. संगीताच्या आवडीने पारशी गृहस्थांनी चालविलेली ही संस्था. तेथे नामांकित गवयांचे गाणे ऐकायला मिळे, आणि ऐकलेले समजून घेण्याची सोयही होती. रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी ध्रुपदे घेतली. पण हे सारे फावल्या वेळातले. १८८५ साली ते बी.ए. झाले, १८८७ साली एल्‌एल.बी. झाले आणि वकिलीला लागले. काही काळ कराचीत, मग मुंबईत. सुशिक्षित ब्राह्मण घरातल्या मुलाने सतार छेडावी इथपर्यंत ठीक. गाणे-बजावणे हा आयुष्याचा उद्योग करावा, ही कल्पना त्या काळच्या पांढरपेशा समाजाला मानवणारी नव्हती. आजही कित्येक घरांत ती पूर्णपणे मानवते असे नाही, हे पालकांना वेगळे सांगायला नको. दहावीच्या वर्षी कोपऱ्यात उभा राहिलेला तानपुरा पुन्हा जुळवला जाईलच असे नसते.

भातखंडे यांचेही तसेच होऊ शकले असते. वकिली बरी चालली होती, संसार होता, मंडळीतली संध्याकाळ होती. एक आवड जपून ठेवलेला प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून त्यांचे आयुष्य समाधानात गेले असते आणि इतिहासाने त्यांची दखल घेतली नसती.

१९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ साली मुलगी गेली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी घर रिकामे झाले.

या प्रसंगाची चरित्रे फार तर दोन ओळींत बोळवण करतात. त्या दोन ओळींच्या पुढे लगेच ‘यानंतर त्यांनी संगीताला वाहून घेतले’ असे वाक्य येते, जणू एका दाराने दुःख बाहेर गेले आणि दुसऱ्याने संगीत आत आले. माणसे इतक्या सहजपणे सावरत नाहीत. मात्र पुढच्याच वर्षी, १९०४ साली, ते दक्षिणेच्या दीर्घ प्रवासाला निघाले, हे खरे. त्या प्रवासाच्या मराठी रोजनिशीत भरले आहेत ते राग, मेल, श्रुती, जुनी हस्तलिखिते आणि पंडितांशी झालेले वाद. शोकाकुल माणूस गाण्यात विसावा शोधतो, ही आपली नेहमीची समजूत. या प्रवाशाने विसावा शोधलेला दिसत नाही. त्याने काम शोधले.

आणि येथेच त्यांच्या मधल्या वर्षांची किंमत ध्यानात येते. वकिलीत गेलेला काळ संगीताच्या दृष्टीने वाया गेला, असे वरवर वाटते. पण विशीतला सतारिया आणि चाळिशीतला भातखंडे यांत जो फरक पडला होता, तो न्यायालयाने पाडला होता. साक्षीदाराला प्रश्न कसे विचारावेत, एकाच्या जबानीला दुसऱ्याच्या जबानीशी कसे ताडून पाहावे, दस्तऐवज नसेल तर दाव्याला किती वजन द्यावे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. ते शहराशहरांत प्रश्नांची यादी घेऊन जात. हा राग तुम्ही कोणत्या स्वरांनी गाता? याला आधार कोणता? अमुक ग्रंथ म्हणता, तर तो दाखवाल काय? भरतमुनी आणि शार्ङ्गदेव यांची नावे उठताबसता घेणाऱ्या पुष्कळांना प्रत्यक्ष ग्रंथ आणि प्रत्यक्ष गाणे यांचा मेळ घालता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. दक्षिणेत एट्टयपुरम येथे त्यांची भेट सुब्बराम दीक्षितांशी झाली. व्यंकटमखीची बहात्तर मेलांची व्यवस्था त्यांनी तेथे नीट अभ्यासली. आपल्या उत्तरेकडच्या संगीताला अशी काही मांडणी का नसावी, हा प्रश्न घेऊन ते परतले. १९०७ नंतरचे प्रवास नागपूर, कलकत्ता आणि मग उत्तर हिंदुस्थान असे होत गेले. त्यांत अलाहाबाद, काशी आणि लखनौ ही शहरेही होती. लखनौची ही पहिली गाठ केवळ एका प्रवासी जिज्ञासूची होती.

विद्या होती ती उस्तादांच्या कंठात. चीज म्हणजे घराण्याची मिळकत. ती मुलाला किंवा जावयाला द्यायची, परक्याला नाही. त्या वृत्तीला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ज्याच्या पोटाचा आधारच ती चीज होती, त्याने ती कागदावर उतरवू का द्यावी? भातखंडे यांना हे दार उघडून घ्यावे लागले, आणि त्यासाठी पन्नाशीच्या आसपासच्या या पदवीधराला शिष्य व्हावे लागले. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून त्यांनी सुमारे तीनशे ख्याल मिळविले. त्यासाठी फोनोग्राफचाही उपयोग केला. रामपूरला नबाब हमीद अली खाँ यांचे आणि त्या दरबारच्या वजीर खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. रोजनिशीतले त्यांचे काही शेरे कडक आहेत. निरक्षर कलावंतांविषयी ते कधी कधी अन्यायाने बोलतात, असेही म्हणावे लागेल. परंतु ज्यांच्यावर ते रागावले त्यांच्याच पायाशी बसून शिकले, आणि त्या उस्तादांवाचून त्यांची पुस्तके कोरीच राहिली असती.

मराठी माध्यमाच्या शाळेच्या स्मरणग्रंथात एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. १९१० साली त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने संस्कृतात लिहिला, कारण संस्कृत श्लोकाला पंडितांच्या सभेत मान होता. परंतु समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मातृभाषेला हात घातला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत आहेत आणि ते गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेले आहेत. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, मध्येच आडवळणाने एखादी प्रवासातली गंमत सांगतो आणि पुन्हा रागाकडे येतो. पुस्तक जाडजूड आहे, पण त्यातली भाषा वर्गातल्या फळ्यापुढे उभ्या असलेल्या मास्तराची आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ही प्रथम मराठीतच आली. हिंदीत ती नंतर गेली. लखनौच्या कॉलेजात जे शिकवले गेले, त्याचा पाया असा मराठीत घातला गेला होता.

१९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दुसरी दिल्लीस, तिसरी काशीस. प्रत्येक परिषदेत भातखंडे यांचा आग्रह एकच : संगीताची एक राष्ट्रीय अकादमी हवी. ठराव झाले, टाळ्या झाल्या. पैसा उभा राहिला नाही. ती अकादमी त्यांना हयातीत पाहायला मिळाली नाही. १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या पाठिंब्याने माधव संगीत महाविद्यालय निघाले, तेवढा दिलासा. चौथी आणि पाचवी परिषद लखनौला भरली आणि तेथे दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या रूपाने त्यांना कामाची माणसे भेटली. राष्ट्रीय अकादमी नाही तर नाही, एक कॉलेज तरी काढू, असे ठरले. १९२६ साली ते सुरू झाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज. भातखंडे तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते.

गव्हर्नरचे नाव पाटीवर आणि नबाबी शहराचा अभिमान भिंतीआड, अशा ठिकाणी मुंबईच्या वकिलाने आखलेला अभ्यासक्रम चालवायचा होता. पैशाची ओढाताण कायमची. हे ओझे पेलले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. १८९९ सालचा जन्म, भातखंडे यांचे शिष्य, बडोद्याला फैयाज खाँ यांची तालीम घेतलेले आणि बी.ए. झालेले हे तरुण गृहस्थ कॉलेजच्या पहिल्याच वर्षी लखनौला गेले, पुढे तेथले प्राचार्य झाले आणि जवळजवळ तीस वर्षे तेथेच राहिले. वर्गात लिपी आणि थाट होते, पण शेजारच्या खोलीत लखनौ घराण्याचे तबलिये आबिद हुसेन खाँ होते, सरोदिये सखावत हुसेन खाँ होते. घराण्यांच्या शहरात घराण्याबाहेरच्या मुलांना दार उघडे झाले, ते घराण्यांच्याच मदतीने. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा कृष्णराव गिंडे १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रातंजनकरांकडे शिकायला लखनौला पोहोचला. घरापासून एवढ्या दूर, परक्या बोलीत. त्या मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांच्या मनात काय आले असेल, याचा विचार आजच्या पालकांनी करून पाहावा. त्याच शहरातला तलत महमूद नावाचा एक मुलगाही याच कॉलेजात शिकून गेला. त्याचा आवाज पुढे सिनेमाने घरोघर नेला.

भातखंडे यांच्यावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले आणि त्यांतले काही खरे आहेत. दहा थाटांच्या पेट्यांत सारे राग बसत नाहीत. अहिरभैरवासारख्या रागाला कोणत्याही पेटीत ठेवले तरी एखादा स्वर बाहेर डोकावतोच. दरबारीचा आंदोलित गंधार कागदावर उतरत नाही; उतरते ती त्याची जागा, त्याचा झोका नव्हे. कॉलेजातून पदवीधर निघतात, गवई निघत नाहीत, हा टोमणा तर सर्वांत जुना. त्याला उत्तर म्हणून गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी अशी नावे घेता येतील, पण तसे करण्याने टोमण्यातले तथ्य संपत नाही; या मंडळींना कॉलेजच्या तासांइतकेच रातंजनकरांच्या घरातल्या तालमीने घडवले. भातखंडे यांची अपेक्षा बहुधा निराळी होती. स्वतः ते मैफलीचे गवई झाले नाहीत. परत आल्यावरही त्यांनी ती हाव धरली नाही. ऐकणारा जाणता व्हावा आणि ज्याच्या घरात गाणे नाही त्यालाही ते शिकता यावे, हे त्यांना हवे होते. तरुणपणी मंडळीच्या दिवाणखान्यात जी सोय त्यांना स्वतःला मिळाली, तीच त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात कोणाही मुलाला उपलब्ध करून दिली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

विष्णु दिगंबर पलुस्करांशी त्यांची तुलना नेहमी होते. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा ते तिशीच्या आत होते आणि अगोदरपासून गवई होते. त्यांची वाट सरळ होती. भातखंडे यांची वाट वळसा घालून आली, आणि वळशात जे सापडले ते सोबत घेऊन आली.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा चौथा भाग १९३२ साली बाहेर पडला. १९३३ पासून ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रमिक पुस्तकांचे शेवटचे भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. लखनौचे कॉलेज १९६६ साली राज्य सरकारने आपल्याकडे घेतले, २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे.

त्या क्रमिक पुस्तकांत उस्तादांकडून मिळविलेल्या शेकडो बंदिशींच्या जोडीला काही लक्षणगीतेही आहेत. रागाचे वादी-संवादी, आरोह-अवरोह, वर्ज्य स्वर त्या गीताच्या शब्दांतच गुंफलेले असतात, म्हणजे मुलाने गाता गाता व्याकरण पाठ करावे. पहिल्या परीक्षेला बसलेली मुले ती आजही घोकतात. त्यांतल्या कित्येक गीतांच्या शेवटी ‘चतुर’ अशी मुद्रा येते. मुले ती सुरात म्हणतात आणि पुढच्या रागाकडे वळतात.